सहा मिमी हाड उरलंय: सायनस उचलायचा की आखूड इम्प्लांट?

काटकसर: वरच्या दाढा काढून बरीच वर्षं झाली की हाड दोन्हीकडून घटतं. खालून हाडाची कड झिजते, वरून सायनस (नाकाशेजारची हवेची पोकळी) खाली उतरतो. स्कॅनमध्ये सहा-सात मिमी उंची दिसली की लगेच 'आधी हाड भरू' सुरू होतं. का? रुंदी सात मिमी असेल तर सहा मिमी लांबीचा इम्प्लांट (कृत्रिम दाताचं हाडात बसणारं मूळ) थेट बसतो. सायनसला हात लागत नाही, ग्राफ्ट (भरलेलं हाड) मुरायची सहा-नऊ महिन्यांची वाट पाहावी लागत नाही.

उलटतपासणी: बसतो हो, पण चुकीला जागा उरत नाही. पुढे कडेचं दोन मिमी हाड गेलं तर सहातले चारच उरतात, दहातले आठ उरतात. त्यात वरच्या मागच्या भागातलं हाड जबड्यात सगळ्यांत मऊ. रात्री दात खाणाऱ्या पेशंटला एकटा आखूड इम्प्लांट मी सुचवणार नाही.

काटकसर: मग दोन बसवून कॅप जोडून घ्या, भार वाटला जाईल. त्यासाठी सायनस उघडायची गरज नाही.

खिडकीवाला: 'सायनस उघडणं' म्हणजे त्याच्या आतल्या अस्तराचा पडदा फाडणं नव्हे! तो जेमतेम एक मिमी जाड, कधी त्याहून पातळ. गालाच्या बाजूने हाडात खिडकी घेताना हाड घासत गेलं की निळसर-करडी छटा दिसते. तिथे हात हलका करायचा, शक्यतो पिएझो (कंपनांनी हाड कापणारं यंत्र) वापरायचा. पडदा श्वासाबरोबर वरखाली हलला तर बहुधा शाबूत आहे. फाटतो कशाने? पडदा उचलायच्या हत्याराचं टोक हाडावरून सुटतं म्हणून, किंवा सायनसमधली आडवी भिंत सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये) पाहिलीच नाही म्हणून. पाच मिमीच्या आतलं भोक पडदा सैल करून, वर कोलॅजनचा पापुद्रा ठेवून झाकता येतं. दहाच्या वर गेलं तर ग्राफ्ट न भरता टाके घाला, काही महिन्यांनी पुन्हा बघा. हट्टाने भरलं तर दाणे सायनसमध्ये सांडतात आणि मग नाकाच्या डॉक्टरांकडे वारी.

मधलीवाट: सहा मिमीला खिडकी कशाला? कडेतूनच जा. ड्रिल सायनसच्या तळाच्या एक मिमी अलीकडे थांबवा, ऑस्टिओटोमने (हातोडीने ठोकायच्या दांडीने) तळ मोडून दोन-तीन मिमी उचला, त्याच बैठकीत आठ मिमीचा इम्प्लांट.

खिडकीवाला: पडदा फाटला तर दिसणार कसा? शिवाय हातोडीच्या ठोक्यांनी काहींना नंतर चक्कर येते, कानातले तोल सांभाळणारे कण जागेवरून हलतात.

मधलीवाट: चक्कर टाळायला ठोकण्याऐवजी तळ फोडणारे खास ड्रिल आहेत. दिसत नाही हे मात्र खरं, म्हणून तीन मिमीच्या पुढे हाव धरायची नाही.

उलटतपासणी: उरलेलं हाड चारच्या खाली असेल तर वाद मिटतो: खिडकी, ग्राफ्ट आणि इम्प्लांट नंतर. फक्त ठासून भरू नका, सायनसचं तोंड वरच्या बाजूला असतं, ते बुजलं की पू साचतो. आणि पेशंटला दोन आठवडे नाक शिंकरायला मनाई. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.

काटकसर: चारच्या खाली मान्य. धागा सहाचा आहे.