शब्दचर्चा : 'ईजीआर जाम' म्हणजे नेमकं काय?

पानपूरक :
आयटीआयच्या मुलांसाठी डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तिका मराठीत लिहिते आहे. ईजीआर वॉल्व्हच्या प्रकरणाशी अडले. हाताशी असलेल्या जुन्या मसुद्यात 'निष्कास वायू पुनराभिसरण झडप' असं आहे. ते वाचून मुलं पान उलटतील. गॅरेजात विचारलं तर कुणी म्हणतं 'ईजीआर जाम', कुणी म्हणतं 'ईजीआर चोक'. दोन्ही एकच का? आणि बिघाड शोधण्याला काय म्हणू, 'निदान' की 'फॉल्ट काढणे'?

ऱ्हस्वदीर्घ :
आधी माझं नेहमीचं दुखणं. पुनर् + अभिसरण = पुनरभिसरण. 'रक्ताभिसरण' कानात बसलेलं असतं म्हणून इथेही 'आ' घुसतो, पण तिथे रक्तमधला 'अ' आणि अभिसरणातला 'अ' मिळून तो झालेला आहे. असो, तो शब्द तुम्ही टाकणारच आहात. 'झडप' वाईट नाही, हृदयाच्या झडपा सगळ्यांना कळतात. पण स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन झडप मागून बघा! ईजीआर वॉल्व्ह हेच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या : इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग पुन्हा आत सोडणारा वॉल्व्ह.

ग्रीसचे हात :
ताई, त्या वाक्यात 'कशासाठी' तेही घाला, नाहीतर पोरं विचारतात की घाण परत आत कशाला? धूर मिसळला की सिलिंडरमधल्या हवेत ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाचं सर्वांत वरचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. तेवढंच त्याचं काम. घाट चढताना पूर्ण जोर लागतो तेव्हा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हा वॉल्व्ह लावूनच घेतो.

आता जाम आणि चोक. एक नव्हेत. जाम म्हणजे वॉल्व्ह हलत नाही. चोक म्हणजे वाट बुजली. वॉल्व्ह झकास हलतो आणि कूलरची (हा धूर थंड करतो) किंवा मॅनिफोल्डची (ही नळी सिलिंडरांत हवा नेते) वाट चोक आहे, अशा गाड्या येतात. तिथे नवा वॉल्व्ह टाकला तर गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात. आणि नुसतं 'जाम' लिहूनही भागत नाही. कसा जाम? उघडा जाम असेल तर गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप घेत नाही, काळा धूर मारते, कधी सिग्नलला बंदच पडते. बंद जाम असेल तर चालवणाऱ्याला बहुतेक पत्ताच लागत नाही, चेक लाइट लागतो तेवढाच.

पानपूरक :
म्हणजे 'उघडा अडकला' आणि 'बंद अडकला'?

ऱ्हस्वदीर्घ :
'बंद'ला माझा विरोध. 'या गाडीचा ईजीआर बंद आहे' याचे मराठीत तीन अर्थ होतात : वॉल्व्ह मिटलेला आहे, वॉल्व्ह बिघडला आहे, किंवा कुणीतरी तो मुद्दाम बंद करून टाकला आहे. 'उघड्या स्थितीत अडकलेला' आणि 'मिटलेल्या स्थितीत अडकलेला' असं लिहा. लांब आहे, पण घोळ नाही.

ग्रीसचे हात :
तिसरा अर्थ आमच्याकडे रोजचा आहे. पट्टी मारून वाट बंद करतात. पीयूसीला डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे एवढंच बघतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत, म्हणून अशी गाडी पासही होते. पोरांना हे शिकवू नका, पण पट्टी ओळखायला शिकवा; नाहीतर स्कॅनरवर बिघाडाचा कोड कशामुळे आला ते शोधत दिवस जाईल.

अनुस्वार :
'फॉल्ट काढणे' नको. 'काढणे' म्हणजे शोधून दाखवणे (चुका काढणे) आणि दूर करणे (डाग काढणे), दोन्ही. 'निदान' योग्य आहे, कारण त्यात लक्षणावरून कारणाकडे जाणं आहे. स्कॅनर लावून कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे. पी०४०१ चा अर्थ 'ईजीआरचा प्रवाह अपुरा' एवढाच, पी०४०२ म्हणजे 'प्रवाह जास्त'. मी पाहिलेल्या एका तक्त्यात दोन्हींपुढे 'वॉल्व्ह खराब' छापलं होतं. हा भाषांतराचा दोष मेकॅनिकला थेट चुकीच्या दुरुस्तीकडे नेतो.

ग्रीसचे हात :
हे बरोबर बोललात. बऱ्याच गाड्यांत ईसीयू प्रवाह थेट मोजत नाही. वॉल्व्ह उघडल्यावर बाहेरून येणारी ताजी हवा किती घटली, यावरून हिशेब करतो. म्हणजे एअर फ्लो सेन्सर मळलेला असला किंवा टर्बोनंतरचा होज फाटलेला असला, तरी बोट ईजीआरकडेच. आधी ते बघायचं. मग स्कॅनरवर वॉल्व्हला उघड-मीट करायला लावायचं आणि मागितलेली आणि प्रत्यक्ष स्थिती ताडून बघायची. जुन्या व्हॅक्यूमवाल्याला हातपंप लावायचा. व्हॅक्यूम टिकला नाही तर दांडा उचलणारा आतला रबरी पडदा फाटलाय; व्हॅक्यूम टिकला पण दांडा उचलला नाही तर वॉल्व्ह जाम. दोन्ही ठीक निघालं तर सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा विजेचा स्विच) आणि व्हॅक्यूमच्या नळ्या बघायच्या.

पानपूरक :
अडकवणाऱ्या त्या घाणीला 'काजळी' लिहिलंय. चालेल?

अनुस्वार :
काजळी कोरडी, बोटाला लागते आणि झटकली जाते. इथे धुरातल्या काजळीत क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागातून, येणारी तेलाची वाफ मिसळते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर बसतो तसला थर. 'मेणचट काजळी' म्हणा. गॅरेजात 'कार्बन' म्हणतात, तोही एकदा द्या.

ग्रीसचे हात :
अजून एक. 'ईजीआर लीक' असं नुसतं लिहू नका. गॅस्केटमधून धूर फुसफुसतो तेही लीक आणि कूलर आतून फुटून कूलंट इंजिनात जातो तेही लीकच. दुसऱ्यात बाहेर थेंब दिसत नाही, टाकीतलं पाणी मात्र कमी होत जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. पुष्कळ जण हेड गॅस्केट समजून इंजिन खोलतात. 'धूरगळती' आणि 'पाणीगळती', वेगळ्या ओळींत.

पानपूरक :
केलं. 'पाणी' की 'कूलंट'?

ग्रीसचे हात :
लिहा कूलंट. आम्ही पाणीच म्हणणार.