पाण्याच्या टेबलावर टॉर्चची उंची टिकत नाही: पत्रा कोरडा असताना ठीक, भिजला की गडबड

कोरडापत्रा:
नमस्कार मंडळी. तीन दिवस एकाच गोष्टीवर अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रा कापायला ४५ अँपियरचा एअर प्लाझ्मा कटर, खाली पाण्याचं टेबल, कंट्रोलला लिनक्ससीएनसीवरचं क्यूटीप्लाझ्मासी हे सॉफ्टवेअर. माल ३ मिमी माइल्ड स्टील. पिअर्सिंगची, म्हणजे सुरुवातीचं भोक पाडायची उंची ३.८ मिमी, कटिंगची १.५ मिमी. पत्रा शोधायला ओहमिक, म्हणजे शील्ड (टॉर्चच्या टोकाला नोझलवर बसणारी टोपी) पत्र्याला टेकली की सर्किट पूर्ण होतं. टॉर्च टेकला की वर सरकणाऱ्या फ्लोटिंग हेडवर लिमिट स्विचही (फ्लोट स्विच) आहे, पण तो मी नुसता राखीव ठेवलाय.

सकाळी पहिले पाच-सहा तुकडे देखणे निघतात. त्यानंतर टॉर्च पत्र्यापर्यंत पोचतच नाही. मध्येच थांबतो, पत्रा सापडला असं समजून तिथूनच वर उचलतो आणि सहा-सात मिमीवरून पिअर्स करायला बघतो. कधी आर्क पत्र्यावर येते, कधी येतच नाही. ज्या तुकड्यांची सुरुवात नीट होते त्यांच्यातही कोपरा आला की टॉर्च खाली झुकतो. काल एका कोपऱ्यात शील्ड घासत गेली आणि नोझल वाया गेलं.

टीएचसीचं, म्हणजे आर्कच्या व्होल्टेजवरून टॉर्चची उंची राखणाऱ्या कंट्रोलचं, व्होल्टेज ११० पासून १२५ पर्यंत फिरवून पाहिलं. वाढवलं की कोपरे सुधारतात, पण सरळ रेषेत कडा तिरकी येते. टीएचसीचं कार्डच गेलंय का? नवीन मागवू का?

हाफनियम:
कार्ड मागवू नका, थांबा. तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच औषधाने बरी करायला बघताय. कट सुरू होण्याआधी पत्रा शोधणं हे एक काम. आर्क स्थिरावल्यावर व्होल्टेज बघून उंची राखणं हे दुसरं. पहिल्यात टीएचसीचा काही संबंधच नाही, त्यामुळे व्होल्टेज कितीही फिरवा, टॉर्च हवेत थांबायचा थांबणार नाही.

आधी पहिलं. पिअर्सिंगच्या वेळी पाणी वर उडतं आणि शील्ड व नोझल यांच्या फटीत जाऊन बसतं. पाण्यातून थोडा तरी करंट वाहतोच, आणि गंज लागू नये म्हणून त्यात काही मिसळलं असेल तर आणखी वाहतो. ओहमिक सर्किटला तेवढं पुरतं. ३ मिमी वर असतानाच त्याला पत्रा लागल्यासारखं वाटतं, वर पिअर्सिंगचे ३.८ मिळवा, झाले तुमचे सहा-सात मिमी.

खात्री अशी करा. प्रोब टेस्टचं, म्हणजे कट न करता नुसता पत्रा शोधून बघायचं बटण आहे, ते वापरून कोरड्या पत्र्यावर एकाच जागी दहा वेळा प्रोब घ्या आणि दर वेळी पिअर्सिंगची उंची गेजने मोजा. मग पत्र्यावर आणि शील्डवर पाणी शिंपडून पुन्हा दहा वेळा. मशीन मेनवरून बंद करून मल्टिमीटरने शील्ड आणि नोझल यांच्यातला रेझिस्टन्सही बघा. कोरडं असताना तिथे काहीच दिसायला नको. मेन बंद केल्याशिवाय टॉर्चला हात लावू नका, आर्क पेटण्याआधी तिथे २०० व्होल्टच्या वर डीसी असतो.

माझ्याकडे हेच झालं होतं. मी प्रोबच्या आधी सेकंदभर हवा सोडून फट कोरडी करायला लागलो, पाण्याची पातळी पत्र्याच्या ४० मिमी खाली आणली, आणि शेवटी फ्लोट स्विचलाच मुख्य केलं. फ्लोटला पाण्याशी देणंघेणं नाही. फक्त स्विच दबेपर्यंत हेड किती सरकतं ते नीट मोजून सेटिंगमध्ये भरा, नाहीतर तेवढीच चूक प्रत्येक कटमध्ये येईल.

मंदगती:
कोपऱ्यांचं मी सांगतो. कोपऱ्यात मशीन हळू होतं, आर्क एकाच जागी जास्त वेळ राहते, कापाची फट रुंदावते. कडेपर्यंत पोचायला आर्कला ताणावं लागतं, व्होल्टेज चढतं. टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेला, म्हणून तो खाली आणतो. तो त्याचं काम चोख करतोय, त्याला वेग कमी झालाय हे कोणी सांगितलेलं नाही. व्हेलॉसिटी अँटी-डाइव्ह चालू करा: ठरलेल्या वेगाच्या अमुक टक्क्यांखाली गेलं की उंची आहे तिथे रोखायची. लहान भोकांना तर मी टीएचसी सरळ बंदच ठेवतो.

पडताळायला टीएचसी बंद करून एक चौकोन काटा. कोपरे नीट आले तर कारण हेच.

आणि व्होल्टेज एकदा ठरवलं की कायमचं, असं नसतं. टॉर्चमधल्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफनियम धातू असतो, तो झिजून खड्डा पडत जातो, तसतशी त्याच उंचीला आर्क लांब होते आणि व्होल्टेज वाढतं. तुम्ही जुनाच आकडा धरून बसलात तर टॉर्च दिवसागणिक खाली येत राहणार. माझ्या टॉर्चच्या पुस्तकात खड्ड्याची मर्यादा १.६ मिमी दिलीय, तुमच्या पुस्तकात बघा. पत्रा शोधणं भरवशाचं झालं की ऑटो व्होल्ट्स वापरा, ते प्रत्येक कटच्या सुरुवातीला व्होल्टेज वाचून तेच लक्ष्य धरतं. आत्ता मात्र नको, सुरुवातच चुकीच्या उंचीवर झाली तर अख्खा कट चुकेल.

गंजकीपट्टी:
वर्क क्लॅम्प (करंट परत नेणाऱ्या केबलचा चिमटा) कुठे लावलाय? स्लॅटवर, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या पट्ट्यांवर असेल तर काढून पत्र्यावर लावा, जागा घासून. गंजलेल्या स्लॅटमधून जे व्होल्टेज पडतं ते आर्कच्या आकड्यात मिसळतं.

पाण्याच्या टेबलावर पुढेमागे अ‍ॅल्युमिनियम काटणार असाल तर आधी नीट वाचा. त्याचा बारीक चुरा पाण्यात हायड्रोजन सोडतो, तो पत्र्याखाली साठतो आणि ठिणगीने स्फोट होतो. पाण्यात हवा खेळवायची सोय असल्याशिवाय हात घालू नका, कळकळीने सांगतो.

कोरडापत्रा:
आज दिवसभर हेच केलं. कोरड्यावर दहा प्रोबमध्ये फरक ०.१ मिमीच्या आत. पाणी शिंपडल्यावर तिसऱ्याच प्रोबला २.५ मिमी वर थांबला, नंतर मल्टिमीटरवर शील्ड आणि नोझलमध्ये काही किलोओहम दिसले. हवा सोडून कोरडं केल्यावर रीडिंग गेलं.

फ्लोट मुख्य केला, सरकणं मोजून भरलं. अँटी-डाइव्ह ९० टक्क्यांवर. क्लॅम्प खरंच स्लॅटवर होता, तो पत्र्यावर आणला तर टीएचसी बंद ठेवून १.५ मिमीवर वाचलेलं व्होल्टेज चारने कमी आलं. सलग बावीस तुकडे काढले, बाविसावा पहिल्यासारखाच. इलेक्ट्रोडही उघडून पाहिला, खड्डा मर्यादेला टेकला होता, बदलला.

एक राहिलंय. १ मिमी पत्र्यावर फ्लोट टेकला की पत्राच खाली दबतो आणि उंची कमी भरते. प्रोबचा वेग निम्म्यावर आणला तर बराच फरक पडला, पण दोन स्लॅटच्या मधोमध अजून ०.५ मिमी चुकतं. हेडची स्प्रिंग हलकी करू का?

हाफनियम:
करा, पण हेड वर जाताना उसळणार नाही इतकीच. आणि पातळ पत्र्याला स्लॅटच्या जवळ प्रोब होईल असा पिअर्स पॉइंट ठेवा, पण थेट स्लॅटच्या डोक्यावर नको, शिंतोडे सगळे वर टॉर्चवर येतात.