माजी विद्यार्थ्यांनी मार्गदर्शन करावे की मेसचे बिल भरावे?

काठावरचा पास

काल एका सदस्याने लिहिले की, ‘मार्गदर्शन’ हा खिशात हात न घालता पुण्य पदरात पाडून घेण्याचा प्रकार आहे. माजी विद्यार्थ्यांना गरीब मुलांचा खरोखरच कळवळा असेल, तर प्रत्येकाने एका मुलाचे मेसचे बिल भरावे आणि गप्प बसावे. त्यातले ‘गप्प बसावे’ मला झोंबले, म्हणून सविस्तर लिहितो.

मी औसा तालुक्यातून पुण्याला अभियांत्रिकीसाठी आलो. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. पहिल्याच वर्षी गणितात नापास झालो आणि निकालाच्या कागदावर छापलेले ते अंतिम, अशीच माझी समजूत होती. वडील फोनवर ‘ये माघारी’ एवढेच म्हणाले. मी ट्रंक भरत असताना, आमच्याच कॉलेजातून आदल्या वर्षी बाहेर पडलेला आणि नोकरी शोधत वसतिगृहात चोरून राहणारा एक दादा दारात येऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, ‘उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवलीस का?’ ती मागवता येते हेच मला ठाऊक नव्हते, आणि मुदतीचे दोन दिवस उरले होते. छायाप्रत हाती आली तेव्हा दिसले की, एका प्रश्नाचे सहा गुण आत दिलेले होते, पण मुखपृष्ठावरच्या बेरजेत चढवायचेच राहून गेले होते. त्या दादाची स्वतःचीच मेसमध्ये उधारी होती. पैसे देऊ शकणाऱ्यानेच मदत करावी आणि इतरांनी गप्प बसावे, असे ठरले असते तर मी आज हे लिहायला नसतो.

रात्रपाळी

ते मीच लिहिले होते आणि मागे घेणार नाही. आपल्याला दादा भेटला. मला कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाने नेमून दिलेले एक साहेब भेटले. ते दर पंधरवड्याला फोन करून ‘कम्फर्ट झोन सोड, नेटवर्किंग वाढव’ असे सांगत असत आणि मी जिन्याखाली उभी राहून ‘हो सर’ म्हणत असे. शिष्यवृत्ती न आल्यामुळे त्या सत्रात मी संध्याकाळचा डबा बंद केला होता. तू जेवलीस का, हे त्या गृहस्थांनी वर्षभरात एकदाही विचारले नाही. वर्षअखेरीच्या समारंभात मात्र माझ्यासोबत छायाचित्र काढून घेतले. तेव्हापासून ‘मेंटॉर’ हा शब्द ऐकला की मला त्या जिन्याखालचा अंधार आठवतो.

निवृत्त मास्तर

दोघांच्याही अनुभवांचा आदर राखून म्हणतो की, हा वाद जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले, वाचायला पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुस्तक आणि पैसा एकाच माणसाच्या मध्यस्थीने आले. पुण्यात 1955 साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तीही खेड्यातल्या मुलांना राहण्याजेवण्याची सोय आणि मायेचे लक्ष एकत्र मिळावे म्हणूनच.

रात्रपाळी

मास्तर, केळुसकर गुरुजी कोणत्याही माजी विद्यार्थी संघाचे पदाधिकारी नव्हते, एवढे नम्रपणे नमूद करते. आणि गोष्ट आपण सोयीच्या जागी थांबवलीत. कोलंबियात शिकून आलेले तेच आंबेडकर 1917 साली बडोद्यात नोकरीला रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ओळखीपाळखी आणि मार्गदर्शन यांची मर्यादा कोठे येते, हे त्यातून दिसते. तेव्हा हा दाखला जपून वापरावा.

टेबल क्रमांक 4

मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहतो, आणि ‘शिष्यवृत्ती न आल्यामुळे’ हे वाक्य आले की सगळ्यांच्या नजरा आमच्या टेबलाकडे वळतात, म्हणून लिहिणे भाग आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज मंजूर झाला म्हणजे पैसे आले असे नव्हे. विद्यार्थ्याला पुन्हा लॉगिन करून ‘रिडीम’चे, म्हणजे मंजूर रक्कम खात्यात मागवण्याचे, बटण दाबावे लागत असे, आणि ते न दाबल्याने कित्येकांचे हप्ते तसेच पडून राहिलेले मी पाहिले आहेत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि ते खाते अनेकदा गावाकडच्या बँकेत वापराविना बंद पडलेले असते. एका मुलीचा ओटीपी तिच्या काकांच्या मोबाईलवर जात होता आणि काका उसाच्या फडात होते, जेथे रेंज नव्हती. आम्ही तीन दिवस थांबलो.

काठावरचा पास

मग याहून चांगला पुरावा कोणता हवा? हे बटण दाबायला सांगणारा कोणी आधी त्या वाटेने गेलेला असायला हवा, हेच तर मी म्हणतो आहे.

रात्रपाळी

अजिबात नाही. हक्काचे पैसे मिळवण्यासाठी मुलांना वाटाड्या लागत असेल, तर वाटाडे नेमण्याऐवजी ते बटण काढून टाकायला हवे होते. आणि आमच्या वेळी फलकावर एक चिठ्ठी लावण्याइतकेही कष्ट त्या टेबलाने घेतले नव्हते.

टेबल क्रमांक 4

चिठ्ठ्या लावल्या जातात, ताई. त्यावर ‘गॅदरिंग’ची भित्तिपत्रके चिकटवली जातात. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गॅप असल्यास प्रतिज्ञापत्र, हे सर्व तपासणारे आम्ही दोघे जण आणि अर्ज शेकड्यांनी. आपण उपाशी राहिलात याचे मला मनापासून वाईट वाटते, परंतु ते संकेतस्थळ मी बनवलेले नाही.

निवृत्त मास्तर

मूळ प्रश्न माजी विद्यार्थ्यांचा होता, याची आठवण करून देतो.

काठावरचा पास

मास्तर, हा त्यांचाच प्रश्न आहे. नोकरीत पंधरा वर्षे झालेल्या माणसाला रिडीमचे बटण ठाऊक नसते. मला स्वतःला आज महाडीबीटीवरचे काहीही ठाऊक नाही, हे कबूल करावे लागते. ते गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या मुलाला ठाऊक असते. पण कार्यक्रमात हार आम्हालाच घातले जातात.

रात्रपाळी

उशिरा का होईना, उजाडले म्हणायचे. तर मग आपला तो उधारीवाला दादा मी माझ्या ‘गप्प बसावे’तून वगळते, आपल्याला मात्र वगळत नाही.

काठावरचा पास

मान्य. माझ्या जुन्या वसतिगृहाच्या मेसचे महिन्याचे बिल सध्या किती येते, ते उद्या विचारून घेतो.

टेबल क्रमांक 4

गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेले कोणी हे वाचत असेल, तर शनिवारी आमच्याकडे यावे; 40 मुलांची खाती तपासायची आहेत. चहा मिळेल, हार मिळणार नाही.