दीनदयाळांनी टिपलेले दिवाणखाने कितपत खरे मानायचे?

बखरवाचक (धागाकर्ता):
लाला दीनदयाळ हे नाव इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. रुडकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी, तिथे तुकोजीराव होळकरांचं पाठबळ, पुढे हैदराबादला सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. त्यांनी काढलेले महालांच्या आतले फोटो हल्ली सगळीकडे फिरतात आणि खाली ठरलेली प्रतिक्रिया असते, 'काय थाटात राहायची ही माणसं!'

माझा आक्षेप 'राहायची' या शब्दाला आहे. फोटोत खुर्च्या आहेत, झुंबरं आहेत, गालिचे आहेत. राहणारा कुठाय? मुदपाकखाना नाही, जनाना नाही, पंखा ओढणाऱ्याची जागा नाही. हे फोटो अल्बमात लागायचे आणि अल्बम बड्या पाहुण्यांच्या हाती पडायचे. निजामाच्या मुलखाचा १८९२ चा अल्बम लॉर्ड कर्झनच्या संग्रहात आहे, यातच काय ते आलं. पाहुण्याने काय पाहावं हे यजमानाने ठरवलं आणि दीनदयाळांनी ते उत्तम टिपलं. घराची नोंद म्हणून मी त्यांना फार कमी गुण देईन.

हैदराबादी_मराठी:
साफ असहमत. बशीरबाग पॅलेस आज कुठाय? पाडला, वस्तीला नाव तेवढं उरलं. त्याचा दिवाणखाना कसा होता हे दीनदयाळांच्या फोटोमुळे तरी दिसतं. मिरवायला काढला असेल, पण खोटा दिवाणखाना बांधून तर काढला नाही ना?

आणि आपलं दुःख आठवा. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत सात दिवस जळत होता. दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली १८३९ मध्ये. अकरा वर्षांनी हुकलं! गणेश रंगमहालाचा एक जरी फोटो असता, अगदी मिरवायला काढलेला, तर तुम्ही त्याला किती गुण दिले असते?

बखरवाचक:
रंगमहालाचं चित्र आहे की. सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांच्या वकिलाने, मॅलेटने तह केला, ते थॉमस डॅनियलचं. तह १७९० चा, चित्र १८०५ चं, तेही जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, आणि तह झाला तेव्हा वेल्स मुंबईत उतरलासुद्धा नव्हता. तरी आपण खांब आणि महिरपी त्याच चित्रावरून सांगतो. चित्राला आपण निदान 'चित्रकाराने जुळवलंय' म्हणून बिचकतो. फोटोपुढे तेवढंही बिचकत नाही, माझी तक्रार ती आहे.

सिल्व्हर_नायट्रेट:
थोडं तंत्राचं. माणसं नाहीत याला यजमानाइतकाच कॅमेराही जबाबदार. ओल्या कलोडियनच्या काळात काचेला रसायन लावा, ती ओली आहे तोवर फोटो घ्या, लगेच अंधाऱ्या तंबूत धुवा. बंद दालनात उजेड कमी, म्हणून भिंगाचं झाकण कितीतरी वेळ उघडं ठेवायचं. हलणारा नोकर फोटोत उमटतच नाही, फार तर धुरकट डाग. १८८० च्या आसपास कोरड्या काचा आल्या, पण दालनातला अंधार होता तिथेच.

त्याहून मोठी गोम रंगांची. त्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील, लालला जवळपास आंधळ्या. लाल मखमल काळी येते, पिवळंही काळपट, फिकट निळा पडदा पांढराफटक. म्हणून हे महाल फोटोत एवढे उदास दिसतात. त्यावरून कुणी 'त्यांना गडद रंगांची आवड होती' असं लिहिलं की हसू येतं.

बखरवाचक:
तंत्र मान्य, पण सगळं त्याच्या माथी मारू नका. जयपूरचे सवाई रामसिंह (दुसरे) स्वतः फोटो काढायचे. जनान्यातल्या बायकांचे फोटो त्यांनी काढले, दीनदयाळांच्या आधी. माणसं स्पष्ट आहेत. पण मागे काय? रंगवलेला पडदा! कॅमेरा थेट जनान्यातल्या बायकांसमोर बसला आणि जनाना काही दिसला नाही.

नाना_फडशा:
उलटं उदाहरण देतो. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला विंडसरच्या राजवाड्यातल्या निळ्या खोलीत वारला. व्हिक्टोरियाने खोली जशीच्या तशी ठेवायला लावली आणि तिचा फोटो काढून घेतला. हे पाहुण्यांना दाखवायला नव्हतं.

बखरवाचक:
तिथेही खोली राहती उरली नव्हती, नाना. देव्हारा झाला होता.

गादी_तक्क्या:
दोघेही फर्निचरकडे बघतच नाही आहात. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बैठक होती, त्यांनी दालनभर विलायती खुर्च्या मांडल्या आणि हौसेने फोटो काढून घेतला. साहेबाने आपल्याकडे आल्यावर कुठे बसावं याचा विचार त्या दालनात दिसतो. यजमान जेवत कुठे होता ते नाही कळलं तरी मला चालेल. तो कुणाला बिचकत होता, ते कळतंय. बखरवाचक ज्याला दिखावा म्हणून बाजूला सारतात, मी ते फोटो त्यासाठीच बघते.

हैदराबादी_मराठी:
+१

सिल्व्हर_नायट्रेट:
+१, फक्त त्या खुर्च्यांच्या गाद्यांचा रंग फोटोवरून ठरवू नका. त्यासाठी कोठीच्या हिशेबाच्या वह्या काढा.