प्रतिसाद: रोमन काळातल्या एफेससच्या (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन ग्रीक नगर) नाण्यावर मागच्या बाजूचं नाव शहराचं की लोकांचं?

लोकांचं. 'एफेसिओन' हे षष्ठीचं अनेकवचन आहे, म्हणजे 'एफेससकरांचं' नाणं. पुढे सम्राट असला तरी मागची बाजू नगराची, आणि नगराला मिळालेला मान एफेससकर तिथे अक्षरशः मोजून कोरत! 'नेओकोरोन' (सम्राटपूजेच्या मंदिराचे रखवालदार) या शब्दाजवळचं ग्रीक अक्षर बघा, हा मान किती वेळा मिळाला ते त्यावरून कळतं: गॅमा म्हणजे ३, डेल्टा म्हणजे ४. चौथा मान रोमन सम्राट एलागाबालसने दिला. इ.स. २२२ साली एलागाबालस मारला गेल्यावर तो मानही गेला, आणि पुढचा सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसच्या नाण्यांवर पुन्हा ३ आले.

झिजलेला डेल्टा अल्फासारखा दिसतो, म्हणून उजेड तिरपा पाडून वाचा. सिग्मा (ग्रीक 'स') इथे चंद्रकोरीसारखा असतो, त्याला रोमन 'सी' समजू नका. आणि कृपा करून लिंबू-व्हिनेगर लावू नका: पॅटिना (धातूवर काळाने चढलेला थर) जाते, तिच्यातच राहिलेली अक्षरंही जातात.