स्मार्ट होमची सुरुवात करायचीय, पण आईला भिंतीवरचं बटणच हवंय

रातराणी:

नमस्कार. महिनाभर स्मार्ट होमबद्दल वाचतेय आणि जितकं वाचावं तितका गुंता वाढतोय, म्हणून इथे विचारते.

सगळं आईसाठी चाललंय. वय 76. रात्री दोन-तीनदा उठते. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत नऊ पावलं आहेत, मी मोजलीत. पॅसेजच्या दिव्याचं बटण दाराच्या पलीकडच्या भिंतीवर आहे, त्यामुळे पहिली चार पावलं तिला अंधारातच टाकावी लागतात. मागच्या महिन्यात तिथेच ती स्टुलाला अडखळली. फार लागलं नाही, पण तेव्हापासून तिच्या खोलीत जरा खुट्ट झालं की मी उठून बसते.

एक वायफायचा स्मार्ट बल्ब आणि एक स्मार्ट प्लग आणला. प्लग जोडण्यात अख्खी संध्याकाळ गेली; शेवटी कळलं की तो फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो आणि माझा फोन 5 वर होता. बल्ब मात्र पटकन लागला. पॅसेजमध्ये बसवला, रात्री दहाला मंद लागेल असं वेळापत्रक केलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या रात्री आईने झोपायला जाताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि ॲपमध्ये बल्ब 'ऑफलाइन'. आता काय, बटणावर चिकटपट्टी लावू? तिच्याच घरात तिने बटणाला हात लावायचा नाही, हे मला तिला सांगवत नाही.

फोन ती वापरत नाही. रात्री दोन वाजता स्पीकरला हाका मारून दिवा लावणं तिला नको आहे, आणि मलाही ते पटत नाही. मग अशा घरात सुरुवात कुठून करायची? वायफाय घ्यावं की झिग्बी? हब लागतोच का? मॅटर म्हणतात ते नक्की काय आहे? आणि गीझर त्या प्लगवर लावला तर चालेल का, म्हणजे पहाटे आपोआप सुरू होईल?

खटका:

ताई, आधी तो बल्ब पॅसेजमधून काढा. बल्ब वाईट नाही, जागा चुकली आहे. स्मार्ट बल्बला चोवीस तास वीज लागते आणि भिंतीवरचं बटण नेमकी तीच तोडतं. जिथे घरातली माणसं वर्षानुवर्षं बटण दाबत आलीत, तिथे बल्ब साधाच ठेवावा आणि अक्कल बटणाच्या मागे घालावी. बटणामागे बसणारी छोटी रिले मॉड्यूल, म्हणजे निरोपावर चालू-बंद होणारे स्विच, मिळतात. जुनं बटण त्यालाच जोडतात. आईंनी दाबलं तरी दिवा लागतो, सेन्सरने सांगितलं तरी लागतो. तुमचा स्मार्ट बल्ब टेबललॅम्पमध्ये घाला, तिथे तो उत्तम काम करेल.

पण पॅसेजच्या आधी पलंग बघा, कारण तुमची अडचण पहिल्या चार पावलांची आहे. मी वडिलांसाठी हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पलंगाच्या खालच्या कडेला एलईडीची पट्टी लावा, पिवळसर, 2700 केल्विन किंवा त्याहून कमी, आणि प्रकाश 10 ते 15 टक्केच. त्याहून जास्त झाला तर डोळे दिपतात आणि पुन्हा झोप लागत नाही. हालचालीचा सेन्सर पलंगाच्या पायाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे पाय खाली टेकतात तिकडे तोंड करून. गादीकडे तोंड केलंत तर कूस बदलली तरी दिवा लागेल. रात्री 10 ते सकाळी 6 एवढ्याच वेळात चालू, हालचाल थांबल्यावर तीन मिनिटांनी बंद. पहिला आठवडा एवढंच करा. दुसरं काही आणू नका.

बाथरूमच्या बाबतीत मात्र माझ्याकडून चूक झाली होती, ती तुमच्याकडून होऊ नये. हे स्वस्तातले सेन्सर पीआयआर जातीचे असतात. अंगातली उष्णता *हलली* तरच त्यांना दिसते. माणूस स्थिर बसला की त्यांच्या लेखी खोली रिकामी. मी बाथरूममध्येही तीन मिनिटांचीच वेळ ठेवली होती. एका रात्री वडील आत बसलेले असताना दिवा गेला. अनोळखी काळोखात त्यांना दाराची कडी सापडेना आणि त्यांनी मला हाक मारली. त्या आवाजातली भीती मी विसरलेलो नाही. दुसऱ्याच दिवशी वेळ वीस मिनिटं केली आणि पुढे तिथे एमएमवेव्ह रडारचा सेन्सर लावला. त्याला छातीचं श्वासाबरोबरचं हलणंही कळतं. त्याला बहुतेक वेळा कायमची वीज लागते, आणि फिरता पंखा किंवा हलता पडदाही त्याला माणूस वाटू शकतो. म्हणून दिशा आणि अंतर नीट लावायला एखादा दिवस द्या. तोवर बाथरूमचा दिवा साध्या बटणावरच राहू दे.

वायफाय की झिग्बी? जे भिंतीत वीज खातं, त्याला वायफाय चालतं. जे सेलवर चालतं, त्याला झिग्बी, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीचा कमी वीज खाणारा रेडिओ. वायफायला वीज इतकी लागते की नाण्याएवढा सेल फार दिवस टिकत नाही; झिग्बीचा सेन्सर त्याच सेलवर वर्षभर सहज जातो. झिग्बीला हब, म्हणजे सगळी उपकरणं जिला जोडायची ती मधली पेटी, लागतो, हे खरं. पण त्यातली वीजेवर चालणारी उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. सेलवालं उपकरण पुढे पोचवत नाही. त्यामुळे हब दिवाणखान्यात आणि सेन्सर आईंच्या खोलीत असेल, तर मध्ये एक झिग्बीचा प्लग लावून ठेवा. नदी ओलांडताना मधला दगड असतो तसं ते काम करतं.

वायफायची बहुतेक स्मार्ट उपकरणं आणि झिग्बी, दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे एकमेकांच्या पायात येतात. वायफायचे चॅनेल 1, 6, 11 आणि झिग्बीचे 11 ते 26, पण आकडे सारखे दिसले म्हणून चॅनेल सारखे नसतात. वायफाय 1 वर ठेवलंत तर झिग्बीला 20 किंवा 25 मोकळं मिळतं. पुढे कधी संगणकात लावायचा झिग्बीचा डोंगल घेतलात, तर तो थेट युएसबी 3 च्या खाचेत खुपसू नका, त्या पोर्टचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो. माझ्या मागच्या खोलीतला सेन्सर दिवसाआड हरवायचा. मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल बाजूला टांगला आणि तो प्रकार थांबला.

मॅटर हा रेडिओ नाही, ती भाषा आहे. पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2022 मध्ये आली. झिग्बी अलायन्स नावाची जी संस्था होती, तीच 2021 मध्ये नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स झाली, मॅटर तिचंच. ही भाषा वायफायवर, इथरनेटवर किंवा थ्रेड नावाच्या जाळ्यावर बोलली जाते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच ठिकाणी जोडता याव्यात आणि हुकूम घरातल्या घरातच फिरावा, हा तिचा हेतू. थ्रेडच्या वस्तू घेतल्यात तर ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा बॉर्डर राउटर लागतो, तो काही हबमध्ये आणि स्पीकरमध्ये आधीच असतो. नवं घेताना मॅटरचं चिन्ह दिसलं तर बरंच, पण त्यासाठी थांबून राहू नका.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. काहीही नवं बसवलंत की राउटरमधली इंटरनेटची तार काढा आणि सेन्सरसमोरून चालत जा. दिवा लागला तर ठेवा. नाही लागला, तर तो दिवा दूरच्या कुणाच्या तरी सर्व्हरच्या मर्जीवर जगतोय. माझे तीन स्विच असेच गेले. कंपनीने सेवा बंद केली आणि चांगलं हार्डवेअर एका सकाळी निरुपयोगी झालं. आईंच्या पावलांचा भरवसा असा दुसऱ्यावर टाकू नका. होम असिस्टंट नावाचं घरातल्या घरात चालणारं सॉफ्टवेअर याच कारणासाठी आवडतं मला. 2013 पासून चालू आहे, मुक्त स्रोत आहे, जुन्या छोट्या संगणकावरही चालतं. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. आत्ता एक तयार हब पुरे.

फेजन्यूट्रल:

मी वायरमन आहे, 22 वर्षं हेच काम करतोय. खटका यांनी बटणामागच्या मॉड्यूलचं सांगितलं ते बरोबर, पण मॉड्यूल मागवण्याआधी बोर्ड उघडून बघून घ्या.

बऱ्याच जुन्या बोर्डांत बटणापर्यंत फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी रिटर्न येते. न्यूट्रल, म्हणजे सर्किट पूर्ण करणारी तार, वरच्या वर दिव्याला गेलेली असते. मॉड्यूलला स्वतः जागं राहायला न्यूट्रल लागते. न्यूट्रलशिवाय चालणारीही मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढतात. मग कमी वॉटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा फडफडतो, आणि दिव्यापाशी वेगळा बायपास बसवावा लागतो. शेजारच्या दुसऱ्या सर्किटमधून न्यूट्रल ओढून आणणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडते, आणि एमसीबी (सर्किटचा खटका) बंद करूनही त्या तारेत करंट राहू शकतो. तारांच्या रंगावर विसंबायचं नाही. एमसीबी बंद करायची, मीटरने तपासायचं, आणि मगच स्क्रू सोडायचा. येत नसेल तर माणूस बोलवा.

बॉक्सची खोलीही मोजा. बटण, तारा आणि वर मॉड्यूल, हे सगळं कोंबून झाकण दाबून बसवलेलं मी पाहिलंय. उष्णता कुठे जाणार?

आता गीझर. 2000 वॉट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ 8.7 अँपिअर. 10 अँपिअरचा प्लग कागदावर पुरतो, पण रोज अर्धा-पाऊण तास त्याच्या क्षमतेच्या काठावर चालतो. आतला संपर्क हळूहळू काळवंडतो, सॉकेट सैल असेल तर आणखी लवकर. तपकिरी पडलेले, वितळलेले सॉकेट मी स्वतः काढलेत. 16 अँपिअरचाच घ्या, आणि पहिले काही दिवस वापरानंतर प्लगवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, चटका नको. पाण्याच्या मोटरला तर हे प्लग लावूच नका. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट खेचते. तिला काँटॅक्टर, म्हणजे जड प्रवाह पेलणारा विजेवरचा मोठा स्विच, लागतो, रिलेने फक्त त्याची कॉइल चालवायची.

आणि जे आपोआप सुरू होतं, ते आपोआप बंद होण्याची वेळ त्याच दिवशी घाला, उद्यावर टाकू नका.

पाऊलखुणा:

माझ्याकडून दोनच गोष्टी. वीज जाऊन परत आली की कित्येक स्मार्ट बल्ब पूर्ण उजेडात लागतात. पहाटे तीनला आई दचकून उठतील. ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करायचं' अशा अर्थाचं सेटिंग असतं, तिथे 'आधी होतं तसं' निवडा.

दुसरं, कुणीतरी तुम्हाला खोलीत कॅमेरा लावायचा सल्ला देईल. आईंना विचारल्याशिवाय लावू नका. पाय जमिनीला टेकले एवढं सेन्सरला कळलं तरी तुमचं काम होतं. आणि ही सगळी उपकरणं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा, घरच्या संगणकापासून लांब. हब आणि तुमचा फोन त्यामुळे एकमेकांना दिसेनासे झाले, तर निदान राउटरचा मूळ पासवर्ड तरी बदलून टाका.

रातराणी:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. आधी करून बघायचं होतं.

पट्टी लावली. हब घेतला, झिग्बीचा एक सेन्सर, मध्ये एक प्लग. इंटरनेटची तार काढून सेन्सरसमोरून चालले, दिवा लागला. मी तशीच चार वेळा पुढे-मागे फिरले.

पहिल्या दोन रात्री दिवा उगाचच लागत होता. तिसऱ्या रात्री मी खाली जमिनीवर बसून राहिले, तेव्हा दिसलं: आईच्या पांघरुणाची कड लोंबत सेन्सरसमोर यायची आणि ती कुशीवर वळली की हलायची. सेन्सर पायथ्याकडच्या पायाला हलवला, थोडा आत वळवला. त्यानंतर फक्त पाय टेकल्यावरच लागतो. बाथरूमला अजून साधं बटणच आहे, खटका यांचं वाचून तिथे घाई करायचं धाडस झालं नाही. गीझरही आहे तसाच ठेवलाय.

आईला मी मुद्दाम काहीच सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "रात्री उठून माझ्यासाठी दिवा कशाला लावतेस गं? झोपत जा." मी तिला पट्टी दाखवली. तिने पाय खाली टेकवून, वर घेऊन, पुन्हा टेकवून बघितलं. मग विचारलं, "आणि बटण?" म्हटलं, बटण तुझंच, हवं तेव्हा दाब.

आता पॅसेज. वायरमन आले होते. न्यूट्रल बोर्डात आहे, त्याच सर्किटची आहे, मीटर लावून दाखवली. बॉक्स आत 45 मिलिमीटर खोल भरला आणि मॉड्यूलची जाडी 18 लिहिलीय. फेजन्यूट्रल, बसेल का?

फेजन्यूट्रल:

बटणाचा मागचा भाग किती आत येतो ते मोजा. 20 च्या आत असेल तर बसेल, तारांना वळायला थोडी जागा उरेल. त्याहून जास्त असेल तर मॉड्यूल बोर्डात नको, वर दिव्याच्या बॉक्समध्ये टाकायला सांगा. तिथे जागा असते. फक्त तिथपर्यंत कायमची फेज आणि बटणाची तार, दोन्ही न्यायला लागतील. त्या वायरमनना आधीच सांगून ठेवा, म्हणजे वायर घेऊन येतील.