कमी दाबाचा ‘पट्टा’ की ‘क्षेत्र’?

भूगोलताई
शाळेतल्या मुलांसाठी हवामानाच्या नकाशाचा मराठी तक्ता करतेय. सकाळी साडेआठच्या नोंदी कोऱ्या नकाशावर भरायच्या, मग समदाब रेषा, म्हणजे सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा ओढायच्या, एवढाच बेत. पण शब्दांवरच घोडं अडलंय. बंगालच्या उपसागराबद्दल वर्तमानपत्रांत कधी ‘कमी दाबाचा पट्टा’ असतो, कधी ‘कमी दाबाचे क्षेत्र’, मधूनच ‘द्रोणीय स्थिती’. हे तीन शब्द आहेत की तीन गोष्टी? आणि रेषा समदाब की समभार?

जुना निरीक्षक
शेवटचं आधी. जुन्या पुस्तकांत समभार, नव्यांत समदाब. दोन्ही चालतात, एका तक्त्यावर एकच ठेवा.

आता पट्टा. गोष्टी दोनच आहेत आणि त्यांचा निवाडा शब्दकोश नाही, पेन्सिल करते. आपल्याकडे दाबातला फरक थोडा असतो, म्हणून रेषा २ हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) अंतराने ओढतात. मध्ये दाब कमी आणि त्याभोवतीची रेषा फिरून स्वतःलाच येऊन मिळाली, तर ते क्षेत्र. रेषा मिटतच नाहीत, नुसत्या एका अंगाला लांबट पोक काढून पुढे जातात, तर ती द्रोणी. पट्टा म्हणायचंच असेल तर द्रोणीला म्हणा, तिला लांबी असते. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकापर्यंत जी पसरते, तिला पट्टा शोभतो. ओडिशाच्या किनाऱ्याशी गोल बसलेल्या क्षेत्राला पट्टा म्हटलं की लांबी-रुंदीचा अर्थच गेला.

सक्करदऱ्याचा
काकाजी, पण लोकांले पट्टाच समजते ना. पट्टा म्हटलं की माणूस वावरातलं काम आटपते, पाणी येऊन राहिलं म्हणून. क्षेत्र म्हटलं तर सात-बारा आठवते.

जुना निरीक्षक
भाऊ, पाणी येणार एवढंच सांगायचं असेल तर पट्टा बरोबरच आहे. पण ताई मुलांकडून नकाशा काढून घेणार आहेत. शिवाय क्षेत्राच्या पुढे पायऱ्या आहेत, पट्ट्याच्या नाहीत. वारा १७ नॉटच्या (हे वाऱ्याच्या वेगाचं एकक) आत असेपर्यंत कमी दाबाचं क्षेत्र. १७ ते २७ म्हणजे डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन, ३४ पासून चक्रीवादळ, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरपासून. छापील मराठीत डिप्रेशनला ‘तीव्र कमी दाबाचे क्षेत्र’ म्हणतात आणि पुढच्याला ‘अतितीव्र’. कमी तीव्र की तीव्र कमी, हे वाचणाऱ्याने ठरवायचं!

महालवासी
हिंदी पत्रकांत डिप्रेशन आणि डीप डिप्रेशनला ‘अवदाब’ आणि ‘गहन अवदाब’ असतं. नागपुरात ते सगळ्यांच्या कानावर आहे, आणि ‘अव’ म्हणजे खाली हे मराठीलाही परकं नाही: अवनती, अवतरण. मी अवदाब बिनधास्त उचलेन. एका अनुवादात ‘उपसागरातील नैराश्य’ वाचलंय, त्यापेक्षा कितीतरी बरं.

द्रोणीबद्दल थोडं. संस्कृतात द्रोणी म्हणजे लाकडाची लांबट कुंडी, दोन डोंगरांमधली दरीसुद्धा. आपला पत्रावळीबरोबरचा द्रोण त्याच घरचा, फक्त तो वाटोळा. मुलं नेमकी तोच द्रोण डोळ्यांसमोर आणतील आणि द्रोणीला गोल समजतील, तेव्हा आकृती शेजारीच द्या.

भूगोलताई
देते. आता खरी पंचाईत. माझ्या फोनमधलं वायुदाबाचं ॲप ९७० दाखवतं आणि त्याच वेळी नकाशावर नागपूरपाशी १००४ ची रेषा. मुलं विचारणारच, खरा कोणता?

जुना निरीक्षक
दोन्ही खरे, नावं वेगळी. फोन दाखवतो तो स्थानकाचा दाब, नकाशावर असतो तो समुद्रसपाटीचा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच. खालच्या हवेत दर आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल उतरतो, म्हणजे सुमारे ३५ चा फरक. तो हिशेबाने भरून काढल्याशिवाय आकडा नकाशावर चढवत नाहीत. नाहीतर महाबळेश्वरला बारा महिने कमी दाबाचं क्षेत्र दिसेल आणि समदाब रेषांच्या नावाखाली सह्याद्रीचं चित्र निघेल.

याच्यात ‘दाब उतरला’ हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. आपल्या अक्षांशांत दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. दुपारी चारला फोन बघून ‘वादळ येतंय’ म्हणणारे माझ्या गल्लीतही आहेत. म्हणून कालच्या याच वेळेशी तुलना करायची. तक्त्यावर ‘२४ तासांतील फरक’ असा स्वतंत्र रकाना ठेवा.

भूगोलताई
आणि एका स्थानकाच्या वर्तुळाभोवती जे आकडे भरतात, ते मराठीत समजावायचे कसे? माझा कच्चा मजकूर असा: वर्तुळात मेघाच्छादन, आकाशाचे आठ भाग धरून. वर डावीकडे तापमान, खाली डावीकडे दवबिंदू (हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते तापमान), त्या दोघांच्या मध्ये सध्याच्या हवामानाचं चिन्ह. वर उजवीकडे दाबाचे शेवटचे तीन अंक. मे महिन्यातलं एक बनवलेलं उदाहरण घेतलंय: ४१, १२, ०२८, मध्ये आडव्या आठाचं चिन्ह, वर्तुळ दोन अष्टमांश भरलेलं, वायव्येला काढलेली दांडी, तिला एक पूर्ण आणि एक अर्धं पीस.

सक्करदऱ्याचा
म्या वाचतो: तापमान ४१, दवबिंदू १२, दाब १००२.८, धुरकट, आभाळ जवळपास मोकळं, वारा वायव्येकडे १५ नॉट.

जुना निरीक्षक
वाचन झकास, एक शब्द सोडून. वायव्ये*कडे* नाही, वायव्ये*कडून*. दांडी वर्तुळातून त्या बाजूला निघते जिकडून वारा येतो. पूर्ण पीस १० नॉट, अर्धं ५, भरलेला त्रिकोण ५०. म्हणजे १५ नॉट, ताशी २८ किलोमीटरच्या आसपास.

महालवासी
खापर भाऊंवर फोडू नका, भाषाच घोळ घालते. ‘पश्चिमेकडील वारे’ या दोन शब्दांतून येणारे की जाणारे काही कळत नाही, आणि छापून रोज हेच येतं. ‘पश्चिमेचा वारा’ किंवा ‘पश्चिमी वारा’ मात्र स्पष्ट आहे, कारण मराठीत वारा उगमावरून ओळखतात. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येला जात नाहीत, तिकडून येतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तक्त्यावरून ‘कडील’ आणि ‘कडे’ दोन्ही हद्दपार करा.

भूगोलताई
केले! आणि वारा फिरतो त्याला? एका जुन्या टिपणात ‘सव्य’ आणि ‘अपसव्य’ सापडलं.

महालवासी
हे सव्यापसव्य तक्त्यावर आणू नका. शास्त्रीय मराठीत सव्य म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पण संस्कृतात सव्य म्हणजे डावा. अर्जुन सव्यसाची, कारण डाव्या हातानेही बाण सोडायचा. श्राद्धाला अपसव्य केलं की जानवं उजव्या खांद्यावर. ज्याच्या घरी जे कानावर पडलंय तसा तो अर्थ लावणार. त्यापेक्षा ‘प्रदक्षिणेच्या दिशेने’ आणि ‘उलट प्रदक्षिणेने’ म्हणा, देवळात गेलेल्याला सांगावं लागत नाही.

जुना निरीक्षक
प्रदक्षिणा मला पटली, कारण विदर्भात ती कामाची आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब डाव्या हाताला असतो. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला हा नियम, उत्तर गोलार्धापुरता. आता अवदाब छत्तीसगडवर आहे आणि पश्चिम-वायव्येला सरकतोय असं धरा. नागपुरात वारा आधी उत्तरेचा किंवा वायव्येचा. मग पश्चिमेचा, मग नैर्ऋत्येचा झाला, म्हणजे उलट प्रदक्षिणेने फिरला, तर केंद्र आपल्या उत्तरेने मध्य प्रदेशातून गेलं. ईशान्येचा, पूर्वेचा, आग्नेयेचा असा प्रदक्षिणेने फिरला, तर दक्षिणेने.

आणि पावसाळी अवदाबाचा मोठा पाऊस बहुधा त्याच्या नैर्ऋत्य भागात पडतो. म्हणून केंद्र छत्तीसगडात किंवा मध्य प्रदेशाच्या पूर्व भागात असताना पूर्व विदर्भाने सावध राहायचं, केंद्र डोक्यावर यायची वाट पाहायची नाही. बातमीत ‘पट्टा’ एवढंच छापलं तर केंद्र कुठे हेच कळत नाही, नैर्ऋत्य भाग कुठून काढणार? माझा पट्ट्यावर राग आहे तो यासाठी.

सक्करदऱ्याचा
हे असं सांगितलं तर पटते. बरं, आमची झड कुठं बसते तुमच्या चिन्हांत? भुरभुर, सर, झड, तिन्ही अलग आहेत.

जुना निरीक्षक
नकाशातही अलगच आहेत. भुरभुरीला स्वल्पविराम, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक थेंब. सरीला खाली टोक केलेला त्रिकोण आणि त्यावर ठिपका, कारण सर एकदम येते, एकदम थांबते. झडीला नुसते ठिपके: संततधार हलकी असेल तर दोन शेजारीशेजारी, मध्यम असेल तर तीन, जोराची असेल तर चार.

भूगोलताई
रात्रभर झड लागली आणि साडेआठला थांबलेली असली तर?

जुना निरीक्षक
तासाभरात थांबली असेल तर ठिपक्यापुढे उजवा चौकटी कंस. त्याआधी थांबली असेल तर ते मागील हवामान, त्याची जागा वर्तुळाच्या खाली उजवीकडे, आणि साडेआठच्या नोंदीत तिथे मागच्या तीन तासांपुरतंच पाहतात. मध्यरात्रीची झड चिन्हात सापडायची नाही. ती पर्जन्यमापकातल्या आकड्यात येईल, कारण तो कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंतचा असतो.